शेवटची खाच

कारागीर: सुई उचलू नका हो ताई, बिघडलेलं नाहीये काही. मास्तरांनीच तसं करायला सांगितलंय.

मुलगी: तसं म्हणजे? आई मघापासून त्याच दोन सुरांवर अडकलीये!

कारागीर: अडकली नाही, मुद्दाम अडकवलीये. रेकॉर्डची शेवटची खाच गोल बंद असते, सुई तिच्यातच फिरत राहते. एरवी तिथे नुसती खरखर. इथे मी वहिनींचं गुणगुणणं कोरलंय. कोणी उठून सुई उचलेपर्यंत वहिनी गातच राहणार.

मुलगी: बाबा?

मास्तर: छान वाटतंय की. मालिकेतल्या अंतराळयानाचा आवाज आहे तो. यान थांबतं का कधी?

मुलगी: थांबतं. शेवटच्या भागात सगळ्यांना झोपवतं आणि बंद पडतं. संगीत तुम्हीच दिलं होतंत.

मास्तर: ते मालिकेत. मोठी मालिका गाजली म्हणून तिच्यातून ही दुसरी मालिका, तिचं पिल्लू, काढली आणि वर्षभरात गुंडाळली. आता इतक्या वर्षांनी लोकांना तिच्या संगीताची रेकॉर्ड हवीये, तर होऊ दे माझ्या मनासारखी.

कारागीर: लोक तरी काय! रेकॉर्ड विकणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, यानाची अंगाई आहे ना त्यात?

मास्तर: बघ. माझ्या लढाईच्या संगीताचं कोणी नावही काढत नाही.

मुलगी: विषय बदलू नका. काका, हा नमुनाच आहे ना? अजून छापायला गेलं नाही?

कारागीर: नमुनाच. आज तुम्ही हो म्हणालात की मी पक्की तबकडी कोरणार आणि ती कारखान्यात जाणार. मग माझ्या हातात काही नाही.

मुलगी: मग आत्ताच बोलते. बाबा, घरी तुम्ही हेच करता. टेप मागे, टेप पुढे, तेवढाच तुकडा. ताटातलं गार होतं, फोन वाजून वाजून बंद पडतो. मला वाटलं, एकदा रेकॉर्ड निघाली की सुटाल यातून. तुम्ही तर कायमची सोय करून घेताय.

मास्तर: माझ्या घरात मी काय ऐकायचं तेही आता तू ठरवणार?

मुलगी: शेवटचा सूर कुठाय?

मास्तर: कुठला सूर?

मुलगी: भोळेपणाचा आव आणू नका. शेवटी खालचा सूर लावला होता तिने, लांबलचक. काका, टेपवर आहे ना?

कारागीर: आहे तर! काय सूर आहे ताई, अंगावर काटा आला माझ्या. पण मास्तर म्हणाले, त्याच्या आधीच कापा.

मुलगी: तिला उभं राहवत नव्हतं, बाबा. खुर्चीत बसून गायली. मी काचेपलीकडून बघत होते. तुम्ही म्हणालात, राहू दे, जमेल तेवढंच घेऊ. ती म्हणाली, अर्धवट सोडणार नाही. आणि नाही सोडलं तिने. तुम्ही सोडायला लावताय.

कारागीर: मी जरा बाहेर थांबतो.

मास्तर: बसा हो. तुम्ही ऐकलंय ते, तुमच्यापासून काय लपवायचं? अगं, त्या सुरानंतर ती बोलते.

मुलगी: काय बोलते?

मास्तर: टेप चालूच राहिली होती. म्हणते, "झालं बाई एकदाचं. चला आता घरी." आणि घरी कुठे आली? तिथूनच दवाखान्यात नेली. घर पुन्हा बघितलंच नाही तिने. मला नाही ऐकवत ते. त्याच्या आधी थांबवलं ना, की वाटतं अजून गातेय. घरी न्यायची अजून राहिलीये.

मुलगी: बाबा...

मास्तर: दुपारी घर खायला उठतं गं.

मुलगी: माहितीये मला. मलाही ती हवीये. पण अशी नको. इथे ती दोन सूर गाते, श्वास घेते, आणि पुढे जाताच येत नाही तिला. मला तर धाप लागल्यासारखं ऐकू येतं. दवाखान्यात लागायची तशी.

मास्तर: असं नको ना बोलूस.

मुलगी: नाही बोलत.

मास्तर: अहो, आख्खं ठेवलं तर मावेल का?

कारागीर: या बाजूला जागाच नाही. खाचा अजून दाटीने कोरल्या, तर आवाज बारीक होणार. काहीतरी काढावं लागेल. लढाईचं संगीत केवढं तरी मोठं आहे, पण...

मास्तर: काढा.

कारागीर: अहो, बक्षीस मिळालं होतं तुम्हाला त्याचं!

मास्तर: मिळालं ना? मग अजून काय हवंय त्याला? काढा.

कारागीर: आणि ते बोलणं? की सुरावरच थांबू?

मास्तर: तू सांग गं.

मुलगी: मी कशी सांगू? तुम्हाला म्हणाली होती ती.

मास्तर: ठेवा. आणि शेवटची खाच रिकामी राहू द्या. सगळ्यांची असते तशी.

कारागीर: बसा मग. दुसरा नमुना कोरतो.

(नवा नमुना वाजतो. लांब सूर संपतो, बाईंचं बोलणं संपतं. मग नुसती खरखर फिरत राहते.)

कारागीर: मास्तर, उचलू का सुई?

मुलगी: थांबा काका. बाबा, मी उचलू?

मास्तर: नको. हात दे जरा, मीच उठतो.