रांतलप्पानं बेल उचलला होता!

नाही, तुम्हीच सांगा, माणसानं शब्द द्यावा, भर गावात द्यावा, महादेवाच्या पिंडीसमोर द्यावा, आणि मग काय करावं, तर नोकरी बदलावी? नोकरी बदलली की शब्द सुटतो का हो? उद्या मी नोकरी बदलली तर माझं लग्न सुटेल का? हसू नका! तुम्हाला सांगतो, उभी हयात पत्रकारितेत गेली, मंत्री पाहिले, पाण्यासाठी उपोषणाला बसून पडद्यामागं उसाचा रस पिणारे पाहिले... त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते आपले. ते फसवणार हे आपल्याला ठाऊक, आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक. पण हा? हा फिनलंडचा होता हो! आणि बेल उचलला होता त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा. इतका नवा की कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद नीट पुसलंही नव्हतं, रंगाखालून डोकावत होतं. जिल्ह्याला इमारती नाहीत, खुर्च्या नाहीत, शिपाई उसना. एकच गोष्ट जिल्ह्याची स्वतःची म्हणून भरपूर होती, ती म्हणजे दुष्काळ. अशात दिल्लीहून बातमी आली की फिनलंडच्या वकिलातीतले एक बडे साहेब दुष्काळ पाहायला येताहेत. नाव तौनो रांताला. एका अधिकाऱ्यानं मला बोलावलं. "भीमाशंकर, तुमचं इंग्रजी बरं आहे, तुम्ही दुभाषे व्हा. आणि हे पाहा, पाहुणा परदेशी आहे, दुष्काळ जरा व्यवस्थित दिसला पाहिजे." आता दुष्काळ व्यवस्थित कसा दाखवायचा? झाडून घ्यायचा की रांगोळी काढायची?

म्हटलं, भोपळखेडला नेतो. रेणापूरच्या अलीकडं, माझी सासुरवाडी. विहिरीत उतरून बायका वाटीनं पाणी भरायच्या. वाटीनं! एक घागर भरायची तर खाली बसून विहिरीशी गप्पा मारायच्या, पाझर फुटेपर्यंत. साहेब आला. हा उंच, भुवयासुद्धा पांढऱ्या. एकेक शब्द बर्फातून उकरून काढल्यासारखा बोलायचा. विहिरीत डोकावला. मग म्हणाला, आमच्या देशात लाखाच्या वर तळी आहेत. मी मराठीत सांगितलं. गाव हबकलं. सरपंच सिद्धलिंगप्पा म्हणाले, "लाख? आन् उन्हाळ्यात आटत न्हाईत?"

"आटत नाहीत, हिवाळ्यात गोठतात. लोक त्यावरून मोटारी चालवतात," साहेब म्हणाला, मी मराठी केलं.

"पाण्यावरनं मोटार?" सिद्धलिंगप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "जावईबापू, ह्यो माणूस लई खोटं बोलून राहिला. ह्याला चहा पाजा आन् लावून द्या."

पण साहेब काही चहावर जाणारा नव्हता. खडकाला भोक पाडणारं त्यांच्या देशाचं मशीन इथं आणतो म्हणाला. पहिला बोअर भोपळखेडला, आणि मशीन कायमचं तुमच्याच जिल्ह्यात. मी मराठीत सांगितलं. आणि सांगताना, खरं सांगतो, 'कायमचं' हा शब्द मी दोनदा उच्चारला. तेवढ्यात पार्वतम्मा पुढं आल्या. पार्वतम्मा म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, देवळाची झाडलोट त्यांच्याकडं, आणि गावातल्या सगळ्या भांडणांचा निकालही. म्हणाल्या, "बोलाया काय जातंय? बेल उचल म्हणावं."

आता आमच्याकडं पद्धत आहे. बांधाचा वाद असो, सोयरिकीचा असो, पिंडीवरचा बेल तळहातावर घेऊन बोलायचं. घेतला की संपलं. मग त्या बोलण्याला साक्षीदार लागत नाही, वकील लागत नाही. साहेबाला देवळात नेलं. त्यानं बूट काढले, मोजेसुद्धा काढले! वाकला, बेल उचलला, वास घेतला, काय सुंदर वास म्हणाला आणि तो जपून कोटाच्या खिशात ठेवला. पार्वतम्मांनी कपाळाला भस्म लावलं. महादेवप्पा, सिद्धलिंगप्पा, तसा हा रांताला त्या दिवसापासून गावाचा रांतलप्पा झाला. मी बातमी दिली, नांदेडला आमच्या दैनिकात पहिल्या पानावर, ठळक!

आणि मग गावानं काय केलं? सांगू? सरकारी बोअरची गाडी तेव्हा गावोगाव पाळीनं फिरायची. आमची पाळी आली, गाडी वेशीत येऊन उभी राहिली, आणि सिद्धलिंगप्पांनी ती शेजारच्या गावाला देऊन टाकली! "आमचा रांतलप्पा येणार हाय, तुमाला कोन हाय बिचाऱ्यांना?" वर गाडीवाल्याला नारळ दिला! ड्रायव्हर विचारून राहिला, नक्की ना? तर म्हणाले, "आरं, बेल उचललाय त्यानं!"

शेजारच्या गावाला पाणी लागलं. गोड. आजही लागतंय.

आम्ही वाट पाहिली. उन्हाळा गेला, पावसाळा न येताच गेला. शेवटी मी दिल्लीला वकिलातीत ट्रंक कॉल लावला. पलीकडून एक बाई, आवाज असा मऊ, "मिस्टर रांताला आता सेवेत नाहीत." मी हादरलो. म्हटलं, वारले? "नाही, नाही! ते एका कंपनीचे प्रमुख झाले." म्हटलं, आणि आमचं मशीन? "कसलं मशीन?" कसलं मशीन! अहो बाई, बेल उचलला होता त्यानं! तर म्हणाली, "आपण कृपया स्पेलिंग सांगता का?"

आणि कंपनी कसली असावी? घड्याळांची? लाकडाची? नाही! खडकाला भोक पाडणाऱ्या मशीनचीच! म्हणजे जे फुकट देतो म्हणाला, ते विकायला बसला! मला सांगा, ही बढती की काय?

काही वर्षांनी, पुन्हा दुष्काळच होता, तो नांदेडला आला. हॉटेलात कार्यक्रम, मागं मशीनचं हे एवढं रंगीत चित्र. मी पहिल्या रांगेत. प्रश्न विचारा म्हणाले. उठलो. म्हटलं, साहेब, भोपळखेड आठवतं? तुम्ही बेल उचलला होता! वाटलं, आता हा घामाघूम होणार, मान खाली घालणार. तर काय? चेहरा उजळला हो त्याचा! पाकीट काढलं, आतून प्लास्टिकमध्ये बसवलेलं ते पान काढलं, वाळून करकरीत झालेलं, आणि सगळ्यांना दाखवून म्हणतो कसा, "हे माझं नशीब! हे पान मिळालं आणि माझं आयुष्य पालटलं. वकिलातीतली नोकरी सुटली, कंपनी मिळाली, कंपनी वाढली. जगभर बरोबर नेतो!" टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या! आमच्या महादेवाचा बेल, आणि पावला कुणाला? म्हटलं, पण तुमचा शब्द? तर गंभीर झाला. खरंच गंभीर झाला, नाटक नव्हतं. म्हणाला, "तो शब्द दूतावासाच्या अधिकाऱ्याचा होता, माझ्या मित्रा. मी तो माणूस राहिलो नाही." आणि माझ्या हातात कंपनीची टोपी दिली.

तडक भोपळखेड गाठलं. देवळासमोर गाव गोळा केलं. सगळं सांगितलं, शिव्यांसकट. म्हटलं, गद्दार निघाला तुमचा रांतलप्पा! पार्वतम्मा ऐकत होत्या. टोपी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगा. त्या दिशी तो काय बोलला, आमाला कळलं का?"

म्हटलं, नाही, तो इंग्रजीत बोलला.

"मग मशीन येणार, पैला बोअर आपला, हे कोन बोललं?"

म्हटलं, तो... म्हणजे मी... पण मी फक्त मराठी करून सांगत होतो!

"आमी तुमच्या तोंडून ऐकलं. गावचा जावई बोलला म्हणून गाडी परत लावली. न्हाई तर त्या पांढऱ्या भुवईच्या बोलण्यावर कोन इस्वास ठेवतंय? सिद्धलिंगप्पा, खरं का न्हाई?"

सिद्धलिंगप्पा म्हणाले, "हाव, हाव. मी तर चहा पाजून लावून द्या म्हनलो होतो."

अहो, सगळं गाव माझ्याकडं पाहून राहिलं. बायकोसुद्धा! पार्वतम्मा आत गेल्या, पिंडीवरचा बेल आणला, ताजा, हिरवागार, आणि तळहात पुढं केला...

काय करणार? सासुरवाडी आहे.

तेव्हापासून गावाला पाणी आणायचं काम माझं. बोअरच्या गाडीसाठी अर्ज केला, तर तिथला कारकून म्हणतो, "तुमची पाळी होऊन गेली की! तुम्हीच सोडली." म्हणून टँकर. टँकर वाटेतच कुणाच्या मळ्यात वळतो, म्हणून मी ड्रायव्हरशेजारी बसतो. डोक्यावर ती कंपनीची टोपी. ऊन लागतं हो! टँकर वेशीत शिरला की बायका ओरडतात, "जावई आला, घागरी काढा!"

परवा नांदेडहून संपादकांचा फोन. "काय भीमाशंकरराव, बातम्या बंद, दिवसभर टँकरवर दिसता म्हणे. नोकरी बदलली की काय?"

म्हटलं, नाही साहेब. मला कुठली बदलता येते? मी बेल उचललाय.