पाळकबाईंचा नंबर

मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाई तोंडापुढं मासिक धरून बसल्या होत्या. एक तरुणी आली आणि त्यांच्यासमोरच थांबली.

"पाळकबाई, मासिक खाली घ्या. चपलांवरून ओळखलं."

"हळू बोल गं. चर्चच्या मंडळीतलं कुणी ऐकेल."

"मंडळीतली मीच आहे की. वर्षभर येतेय इथं."

"तू? गीतमंडळात तर सगळ्यांत मोठ्यानं गातेस."

"गोळी घेते, मग गाते. तुमचं काय?"

"तीन महिने झोप नाही. उगाच रडू येतं. साऱ्या मंडळीसाठी प्रार्थना करते, स्वतःसाठी बसले की शब्द फुटत नाही. वाटलं, माझा विश्वासच कमी पडतोय."

"गुडघा दुखला तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे गेलात. तेव्हा विश्वास काय घरी ठेवून गेला होतात?"

"चावट आहेस."

"तुमचे पाळकसाहेब कुठं आहेत?"

"खाली गाडीत. म्हणाले, पाद्र्याला वर कुणी ओळखीचं भेटेल."

"भेटलंच की. उठा, तुमचा नंबर आला."

"जाते गं. माझ्यासाठी प्रार्थना कर."

"करते. तुम्ही फक्त एक करा. दर रविवारी दारात उभं राहून सगळ्यांना सांगता ना, 'बरी आहे, देवाची कृपा'? ते आत सांगू नका."