गाण्याच्या मधात सत्कार

राजूले तुम्ही ओळखताच, पंचवीस वर्षांपासून माह्या मांगं बसून ड्रम वाजवते तो. रॉक गाणी आमचीच, बँडही आमचाच, दोघायचा.

अमडापूरले गावजेवणाच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात प्रमुख पाहुणे पोचले. आयोजकानं माह्या हातातला माइक घेतला अन् पाहुण्याचा सत्कार केला. लगेहात माह्याही खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. राजूले कोणी विचारलं नाही, पण त्यानं तेवढा वेळ ठेका काही सोडला नाही.

माइक परत भेटला, तं पुढचं कडवं आठवेना. गाणं माहंच, अन् मी नारळ धरून उभा. तेवढ्यात मांगून आवाज आला. जन्मात न गायलेल्या राजूनं अख्खं कडवं बेसूर म्हटलं, पण एक शब्द चुकला नाही.

स्टेजवरून उतरल्यावर मी म्हटलं, "तुले पाठ कसं बे? माहे शब्द समजत नाही म्हणत होता नं?"

"समजत नाहीच. पण लोकं जेवणासाठी थांबतात. ऐकासाठी मीच बसून राह्यलो इतकी वर्षं."

मी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

तो म्हणे, "अन् नारळ?"