खुर्चीत बसायला किती टक्के?

नाही, पण मला एक सांगा, खुर्चीत बसायला किती टक्के लागतात हो? साधी खुर्ची, चाकांची, त्यातलं एक चाक कुरकुरतंय! तुम्हाला सांगतो, आमच्या पंख्यांच्या कंपनीतला तक्रार विभाग म्हणजे दोन टेबलं समोरासमोर, मधे एक फोन. समोर तात्या बसायचे. विद्यापीठाच्या परीक्षेत दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस, पण फोन उचलला की... पलीकडून बाई कडाडल्या, "अहो, घरात नुसती घुं घुं चाललीय!" की तात्या हळूच, "मावशी, पंख्याची की काकांची?" बाई हसून गार! ते तात्या रिटायर झाले, खोलीत उरलो मी नि फोन. घरी तरी कोण आहे? ही गेल्यापासून तिथं टीव्ही बोलतो, मी ऐकतो. म्हणजे माझं दिवसभराचं बोलणं काय ते त्या टेबलापलीकडे! म्हणून साहेबांना म्हटलं, माणूस भरताय ना, जरा बोलका बघा...

तर साहेब, "छे छे! क्वालिटी हवी, क्वालिटी! डिग्रीला ऐंशीच्या खाली असेल तर अर्ज बाजूला!" मार्क हवेत हो, मी नाही म्हणतोय का?

पण एक मुलगी आली होती अर्ज द्यायला. साहेब मीटिंगमध्ये, म्हणून माझ्याकडे थांबली. समोर खुर्ची रिकामी, पण बसली नाही. "काका, इथं कोण बसायचं?" झालं! मी जो सुटलो... मधेच फोन वाजला तर म्हणते, "घ्या तुम्ही, मी थांबते. पुढचं ऐकायचंय मला." पुढचं ऐकायचंय! हे शेवटचं कुणी म्हटलं होतं मला? तसाच तिचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा. साहेबांनी नाव नाही बघितलं, गाव नाही बघितलं... "सत्तावन्न!" अहो, पोरीचं वजन करताय का? म्हटलं, "साहेब, ती ऐकते हो!" तर म्हणे, "ऐकण्याचा पेपर नसतो." मार्क हवेत हो, मी नाही म्हणतोय का?

आले मग त्या खुर्चीत सुवर्णपदकवाले. हुशार, वादच नाही! आल्या आल्या मधला फोन काढून टाकला, सगळ्या तक्रारी ई-मेलवर. आणि कानात ती गाण्याची बोंडं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकदा विचारलं, "जेवायचं का रे?" तर समोरून, हात लांब केला तर नाकाला लागेल इतक्या समोरून, ई-मेल आला, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' मार्क हवेत हो...

परवा मात्र चक्क बोंडं काढली! माझ्या तर मनात लाडूच फुटले. म्हणाला, "सर, तुम्ही दिवसभर कुणाशी बोलत असता?"

म्हटलं, "तुझ्याशीच की रे बाबा!"

"हो का?" म्हणाला, आणि घातली परत. पण तेव्हापासून अधूनमधून मान हलवतो. गाण्याच्या ठेक्यावर हलवत असणार, कळतं मला... मी आपला हुंकार समजून पुढचं सांगतो.