कुरुंद्याच्या गिटारवाल्याचं कोपर

...अन् वरून मलाच इचारतेत, "टेनिस कवापासून खेळून राहिले?" टेनिस! कुरुंद्यात! आवो, आमच्या गावात एकदा व्हॉलीबॉलची जाळी बांधली होती, ती बी आठ दिवसांत कुनीतरी कोंबड्या झाकायला नेली, अन् मी टेनिस खेळीन? तुमाला सांगतो, माणसाचा हात दुखावा, पण असा दुखावा की चार लोकाला दिसला पाहिजे. प्लास्टर पाहिजे, गळ्यात झोळी पाहिजे, थोडं रक्त सांडलेलं असलं तं लईच बेस... मंग बघा, कसे लोकं बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला येतेत! माझ्या हाताला यातलं काईच न्हाई. नुसता दुखते. अन् जो येते तो माझा हात उलटा करून बघते, पालथा करून बघते, जसं काय बाजारात वांगं घेऊन राहिला, अन् म्हणते, "दिसत तं काईच न्हाई!"

थांबा, पयल्यापासून सांगतो, न्हाई तं तुमी बी टेनिसच धरून बसाल. मी रत्नपाल. दिवसा वसमतला हळदीच्या आडतीवर पोते तोलतो, अन् कारेक्रम असला की उत्तमरावच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, लग्न असो, उत्तमराव गाते अन् मी त्याच्या डाव्या अंगाला उभा. ढोलकीवाले आमच्याकडं गल्लीला दोन हायेत, पेटीवाले बी हायेत, पण गिटारवाला? सगळ्या पट्ट्यात मी एकटा! सत्त्याण्णव साली नांदेडहून आणली, कोनाची तरी वापरलेली. दिसाया झकास, पण तारा लाकडापासून इतक्या वर, इतक्या वर की खालून उंदीर जाईल! ती तार दाबायची म्हंजे बोटानं खिळा ठोकायचा. अन् एक तार दाबून भागते का? एकच बोट आडवं ठेवून साही तारा एकदम दाबा, बाकीच्या बोटायनं आणखी तिसरीकडं दाबा, मनगट वाकडं करा, अन् तसंच धरून उभे राहा, उत्तमरावचं गाणं संपेस्तवर. अन् उत्तमरावचं गाणं संपते का? टाळी आली की त्या माणसाला तेच कडवं परत म्हणावं वाटते! एकदा तं एक कडवं त्यानं अकरा वेळा म्हटलं. पब्लिक टाळ्या वाजवून थकलं, हा थकला न्हाई. अन् माझं बोट? ते आडवंच!

तं असं पाच वर्षं केलं, अन् दोन हजार दोनच्या डिसेंबरात एका सकाळी डाव्या हातानं चहाचा कप उचलला... अन् कोपरापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली, अशी कळ गेली, जशी कुनी आतून गरम सळई वढली! कप खाली, चहा लुंगीवर. आमची बायको ज्योती चुलीपासून वरडली, "आवं, काय करून राहिले? कप फोडला का?" म्हटलं, हात दुखून राहिला. आली. हात पायला. पयले फुटका कप पायला, मंग हात पायला. अन् काय म्हणते? "दिसत तं काईच न्हाई!"

आडतीवर गेलो. तिथं रामसिंग नावाचा हमाल हाये, माणूस म्हंजे पहाड, पाठीवर हळदीचं पोतं घेऊन पळते. त्याला सांगितलं, भाऊ, गिटार वाजवून हात गेला माझा. त्यानं पोतं खाली ठेवलं, सगळ्या हमालायला हाक मारली, "या रे, या! हे बघा, आपण येवढाले पोते उचलतो तं आपला हात दुखत न्हाई, अन् याचा पोकळ डब्यानं दुखला!" हसले ना सारे. आता मी काय सांगू त्यायला? की पोतं उचललं की खाली तं ठेवता येते! उत्तमरावच्या कडव्याचं तसं हाये का?

आमची माय, लक्ष्मीबाई, तिनं वेगळंच काढलं. "आरं रत्न्या, नस भरली. गरम हळद लाव." आता हळदीच्या मुलखात हळदीला काय तोटा? इतकी लावली, इतकी लावली की हात पिवळा, बनियन पिवळं, गादी पिवळी. आडतीवर गेलो तं शेठ म्हणते, "काय रत्नपाल, लगीन लागून राहिलं का परत?" आठ दिवस लावली. फरक न्हाई. मंग माय मला घेऊन गेली जळबाकडं. जळबा म्हंजे हाड बसवणारा, मोडलेली हाडं बसवाया लोकं त्याच्याकडं लांबून लांबून येतेत. म्हटलं, जळबादादा, हाड मोडलं न्हाई हो. तो म्हणते, "मला सांगू नको." अन् त्यानं एक पाय माझ्या बगलेत ठेवला, दोन्ही हातानं माझा पंजा धरला, अन् असा हिसका देल्ला, असा देल्ला की मला साक्षात माझा आजा दिसला, जो मी जलमायच्या आधीच वारलेला हाये! अन् जळबा हात झटकून मायला काय सांगते? "हाड तं जागेवरच हाये. दिसत तं काईच न्हाई." आरं मंग वढला काहून?

आता तकलीफ डबल झाली. आधी कोपर, आता खांदा बी. मंग गेलो हिंगोलीला, हाडाच्या डाक्टरकडं. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू. त्यानं कोपरावर एका जागी अंगठा दाबला अन् मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तो हसला. म्हटलं, पयला माणूस भेटला ज्याला माझं दुखणं सापडलं! डोळे भरून आले माझे. अन् तेवढ्यात तो म्हणते, "याला टेनिस एल्बो म्हणतात." झालं! आरं बाबा, दुसरं नाव न्हाई का याला? ढोलकी एल्बो म्हण, हळद एल्बो म्हण! तो समजावून सांगून राहिला, "अहो, हे नुसतं नाव आहे, कोपराजवळ स्नायू जिथं हाडाला धरतो तिथं ताण येतो, कुणालाही होतं. सहा आठवडे आराम, बर्फानं शेका, हा पट्टा बांधा, मग हळूहळू व्यायाम, अन् तोवर गिटार बंद." मला बराबर समजलं. पण माझ्यासंगं ज्योती होती ना! तिनं गावात येऊन शेजारणीला सांगितलं, "त्यायला टेनिसचं झालं म्हणे." दिवस मावळायच्या आत सगळ्या कुरुंद्याला खबर! पारावरची माणसं हाक मारून इचारतेत, "काय रत्नपालभाऊ, कवापासून खेळून राहिले? मैदान कुटं हाये? आमाला बी न्या की!"

बर्फ आणाया स्टँडवर गेलो, तं थंड्याच्या दुकानवाला डोळा मारून म्हणते, "बर्फ? काय पार्टी हाये का?" म्हटलं, हाताला लावायचा हाये. त्यानं हात पायला... सांगू का काय म्हटला ते? न्हाई सांगत. तुमाला ठावं झालं आता.

अन् उत्तमराव! त्याला सांगितलं, सहा आठवडे वाजवणं बंद. तो म्हणते, "आरं, फेब्रुवारीत पुसेगावला विहाराचं उद्घाटन हाये, तवर होते बरा. थोडंच दुखून राहिलं ना? गाण्यापुरती कळ काढ." गाण्यापुरती! तुझ्या गाण्यापुरती? म्हटलं, दादा, हात कायमचा जाईल. तं चार दिवसानं पार्टीत कॅसिओवाला घेऊन आला. आता कॅसिओचं तुमाला ठावं असंल, त्याच्यावर बटन असते. एक बटन दाबलं की सनई, दुसरं दाबलं की बासरी, अन् तिसरं... तिसरं दाबलं की गिटार! तालमीला मी पायरीवर बसून आयकलं. टिंग टिंग टिंग. मच्छर भांड्यात अडकल्यावानी आवाज! अन् उत्तमराव मान डोलवून राहिला, "वा! अन् याचा हात दुखत न्हाई."

खरं सांगतो, तवा मी घरी आलो अन् गिटारची खोळ काढली. दुपारचा टायम, घरात कोनी न्हाई असं वाटलं. म्हटलं, एकदा दाबून तं बघू. दाबली. सूर निघाला न्हाई. 'थप्प' असा आवाज आला, वल्ल्या फळीवर मारल्यागत. परत दाबली, परत थप्प. बोटात जीवच न्हाई. आमची शीतल, तीन वर्षाची, आठ दिवसांपासून "पप्पा, उचला" म्हणून राहिली होती अन् मी टाळून राहिलो होतो, ते बी आठवलं. पाच वर्षं जे शिकलो, कोनी शिकवलं न्हाई, रेडिओला कान लावून लावून शिकलो, ते सगळं त्या एका थप्पमधी गेलं. अन् मी रडलो. मोठा माणूस, मिशावाला, गिटार मांडीवर घेऊन रडलो. अन् दारात ज्योती उभी! पाण्याची घागर कमरेवर, तशीच. आत गेली. पण दुसऱ्या दिवशी उत्तमराव पार्टीचा स्पीकर उचलाया मला बोलवाया आला, तं दारातच त्याला म्हणते, "त्यायचा हात दुखून राहिला. तुमचा धड हाये ना? तुमीच उचला!" उत्तमराव चपला घालून गेला. मला आनंद झाला, व्हय, झाला. पण राग बी आला! दीड महिना बोंबलून राहिलो तं हात दिसला न्हाई, अन् डोळ्यातलं पाणी मातर लगेच दिसलं!

तिनंच मला गुलाम नबीकडं पाठवलं. सायकल पंक्चर होती, ती घेऊन. गुलाम नबीचं वारंगा फाट्याच्या वाटेवर सायकलचं दुकान हाये, बुजुर्ग माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली. माझ्या हाताचा पट्टा पायला अन् म्हणते, "क्या हुआ रे रत्नपाल?" सगळं सांगितलं. टेनिसचं सोडून. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघून राहिला, अन् बघता बघता म्हणते, "तार दबाने में तकलीफ है ना? तो दबा मत. ऊपर से घिस." म्हटलं, काय घिसू चाचा? त्यानं एका मोडक्या सायकलच्या सीटखालचा चकचकीत नळीचा तुकडा काढला, बोटभर कापला, कडा कानशीनं घासल्या, अन् माझ्या हातावर ठेवला. "नांदेड में देखा था मैंने. गोद में रख के बजाता था एक आदमी, लोहे से."

घरी आलो. गिटार आडवी मांडीवर ठेवली. सहा तारा अशा लावून घेतल्या की न दाबता बी गोड सुरात वाजाव्या. अन् नळी वरून नुसती टेकवली... दाबायची न्हाई, नुसती टेकवायची, अन् सरकवायची. आवो, काय आवाज निघाला! लांबून कोनी हाक मारल्यावानी आवाज! अन् ज्या तारा वर होत्या म्हणून मी पाच वर्षं शिव्या देल्ल्या, त्या तशाच पाहिजे होत्या, न्हाई तं नळी लाकडाला खटखट लागते. मनगट सरळ, कोपर निवांत. माय भाकरी थापता थापता थांबली. पयल्यांदा! मी गिटार वाजवताना ती आजपर्यंत थांबली न्हवती.

पुसेगावला गेलो. भर दुपार, मंडपात आख्खं गाव. कॅसिओवाला बी होता, पण मी म्हटलं, उत्तमराव, एक गाणं मला द्या. खाली बसलो, गिटार मांडीवर, नळी हातात. अन् सरकवली. मंडपात पळणारी लेकरं बी खाली बसली! गाणं संपलं तं टाळ्या थांबेनात, अन् उत्तमराव, ज्यानं दीड महिना 'थोडंच दुखते' म्हणून काढला, त्यानं माईक घेतला अन् डोळे पुसत सांगितलं, "बंधू-भगिनींनो! आमच्या रत्नपालनं एक हात गमावला, पण कला सोडली न्हाई!" गमावला? आरं, दोन्ही हात समोर हायेत! मी वर करून दाखवले! तं लोकायला वाटलं नमस्कार करून राहिला, आणखी टाळ्या! कमलबाई म्हणून एक म्हातारी स्टेजवर चढली, माझा डावा हात धरला, उलटा केला, पालथा केला, अन् रडाया लागली, "आगं माय! काय हाल झाले लेकराच्या हाताचे!" म्हटलं, आज्जी, काय दिसून राहिलं तुमाला? दिसत तं काईच न्हाई!

मंग काय, कॅसिओवाला सनई-बासरी वाजवाया लागला, अन् गिटार माझी. मी डाक्टरनं सांगितलेला व्यायाम केला, रोज, पाण्याचा तांब्या घेऊन मनगट वर-खाली, वर-खाली, आठ महिने! अन् हात बरा झाला. तुमाला सांगतो, पूरा बरा झाला! शीतलला उचललं, कप धरला, अन् एक दिवस ते आडवं बोट साही तारांवर ठेवलं... झण्ण! सूर निघाला! मी नाचलो घरात.

अन् मागल्या महिन्यात कळमनुरीला लग्नात वाजवाया उभा राहिलो. पट्टा गळ्यात, गिटार छातीला, पयल्यासारखा रुबाबात. पयला सूर मारला, तं समोरून नवरदेवाचा मामा उठला. "हे काय? मांडीवरची गिटार न्हाई का? आमी त्यासाठीच तुमची पार्टी सांगितली!" म्हटलं, भाऊ, माझा हात बरा झाला. मी अशी बी वाजवतो, खरं तं अशीच वाजवतो. तो उत्तमरावकडं वळून म्हणते, "बदली माणूस आणला का हो?" उत्तमरावनं माझ्याकडं पायलं. ज्योती बायकांत बसली होती, तिनं बी पायलं.

काय करतो? सतरंजी झटकली, अन् बसलो खाली.