उंबऱ्यावरचा धंदा

मूळ गाव आमचं माण तालुक्यातलं, पण ते आईबापाचं, मी जन्मले बोरिवलीच्या झोपडपट्टीत. जुने कपडे द्या, स्टीलची भांडी घ्या, हा धंदा आधी आईचा, आता माझा. इथे टॉवर झाले, वॉचमन गेटवरूनच हाकलतो, म्हणून मी विरारच्या पुढची गावं धरली. त्यातल्या एका मोठ्या गावावर माझं घर चालायचं. काय सांगू तुम्हाला, बाया लांबून आवाज ओळखायच्या, आली गं बोरिवलीची.

मग तिथे सोनं पॉलिश करून देतो म्हणून दोघं आले आणि एका म्हातारीची बोरमाळ घेऊन पसार झाले. ग्रामपंचायतीने वेशीवर बोर्ड लावला, परवानगीशिवाय फेरीवाल्यांना बंदी. बरोबर केलं, मी स्वतः म्हटलं, बरोबर केलं. पोलिसांचा दाखला काढला, फोटो दिला, परवानगी मागितली. तर ग्रामसेवक म्हणतो, ताई, दारोदार फिरायचं नाही, बाजाराच्या दिवशी पंचायतीसमोर चौकात बसायचं. मी म्हटलं, भाऊ, चौकात माझ्याकडे कोण येणार? म्हणाला, का, भाजीवाल्यांकडे येतातच की.

आता ह्याला काय सांगणार. भाजी वेगळी. अहो, नवऱ्याची विटलेली पँट, सासूचं फाटकं लुगडं, हे बाई चौकात चार माणसांसमोर उलगडून दाखवेल का? आमची रीतच अशी, बाई उंबऱ्याच्या आत, मी बाहेर, आणि कपडा बघायचा तो दाराकडे तोंड करून, शेजारणीला त्यातलं भोक दिसू नये म्हणून. मग ती म्हणणार, एवढ्याशा डब्याला तीन साड्या मागतेस, लाज आहे का गं? मी म्हणणार, वहिनी, साडी कुठाय, ही तर मच्छरदाणी. हसत हसत व्हायचं सगळं. चौकात बसले ना मी, अख्खा बाजार बसले, एक बाई आली नाही. ओळखीच्या बाया लांबून बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

टोपली उचलली, तर सरपंचबाईंची जाऊ आली, म्हणे मागच्या दाराने ये, ताईंनी कपडे काढून ठेवलेत. गेले. चांगल्या धुतलेल्या साड्या, इस्त्री केलेल्या, आणि त्यावर बाईला मोठं पातेलं पाहिजे. म्हटलं, ताई, बोर्डावर नाव तुमचं. तर म्हणते, अगं ते बाहेरच्यांसाठी, तू घरातलीच, आणि मालक म्हणाले म्हणून मी सही केली, हळू बोल, समोरच्यांना ऐकू जाईल.

इतकी वर्षं लोकांचे घामट, कुबट कपडे उचलले, कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी त्या स्वच्छ साड्यांची शिसारी आली मला. हात लावावासा वाटेना. पातेलं परत टोपलीत टाकलं, म्हटलं, ताई, पुढच्या दाराने बोलवा, दिवसाउजेडी, आणि मला सगळ्यांच्या दारात जाऊ द्या, मग हेच पातेलं एका साडीवर देते.

म्हणाली, मालकांना विचारते.

विचारतेय अजून. ते गाव सुटलं माझं. आता पलीकडच्या लहान गावांत फिरते, तिथली पंचायत दाखला बघते आणि जा म्हणते, पण पायपीट दुप्पट आणि कपडे निम्मे. पातेलं मी घरीच ठेवलं, भाताला बरं पडतं. त्या बाईचं वाईट नाही चिंतत मी, सुखात राहू दे तिला. फक्त मला मागचं दार दाखवू नको म्हणावं.