प्रवासातील संभाव्य दोष व त्यांचे निवारण

बाबा : ...आणि म्हणून मी म्हणतो, भाषा ही माणसाची दुसरी मायभूमी असते. ज्या देशाची भाषा तुम्हाला येते, त्या देशात तुम्ही पाहुणे नसता. कसं वाटतंय?

आई : चौदा.

बाबा : काय चौदा?

आई : मोजे. तुमचे सात जोड. तुम्ही बोलत होतात म्हणून दोनदा मोजावे लागले.

बाबा : अगं, व्याह्यांनी लेकीकरवी मला पहिल्या दिवशी जेवणाआधी दोन शब्द बोलायला सांगितलंय. त्याची तयारी चाललीय.

आई : रशियनमध्ये बोलायचंय ना? मग मला मराठीत कशाला ऐकवताय?

बाबा : आधी मराठीत पक्कं करायचं, मग अनुवादाला घ्यायचं. अशी पद्धत असते. कारखान्यात एकोणीस वर्षं मी हेच केलं.

आई : कारखान्यात उलटं करायचात. त्यांच्या यंत्रांची पुस्तकं मराठीत आणायचात.

बाबा : तत्त्व एकच.

आई : बरं. ती वही उचला, माझ्या स्वेटरवर ठेवलीत. केवढी जाड झालीय! तीन आठवड्यांच्या प्रवासाला किती पानं लिहिलीत?

बाबा : एकतीस. आजच तिसरं प्रकरण पुरं केलं. ‘प्रवासातील संभाव्य दोष व त्यांचे निवारण.’ ऐक. कलम तीन-एक. दोष : विमानतळावर बॅग न आढळणे. कारण : बॅग अन्यत्र गेली असावी. निवारण : संबंधितांशी संपर्क साधावा.

आई : संबंधित म्हणजे कोण?

बाबा : ते तिथे गेल्यावर कळेल. तीन-दोन. दोष : थंडी वाजणे. कारण : तापमान.

आई : निवारण मला ठाऊक आहे, तेच घडी घालतेय. पुढे?

बाबा : तीन-तीन सोडून दे, ते पोटाचं आहे. तीन-चार. दोष : प्रवासी सुरू न होणे.

आई : प्रवासी काय न होणे?

बाबा : यंत्राच्या पुस्तकात हा दोष असतोच. यंत्र सुरू न होणे. कारण : गुडघा. निवारण : पत्नीने एकटीने प्रवास करावा, प्रवाशाने मागाहून सोयीने यावे.

आई : वाचा परत.

बाबा : कळलंय तुला.

आई : कुणाचा गुडघा?

बाबा : माझा. उजवा. नऊ तास विमानात बसायचं म्हणजे...

आई : काल तुम्ही चार जिने चढून गच्चीवर टाकी बघायला गेलात. टाकीला काही झालं नव्हतं. नुसतं बघायला.

बाबा : त्यानंतरच दुखायला लागला.

आई : त्यापेक्षा तो ताप बरा होता.

बाबा : कुठला ताप?

आई : लेक बालवाडीत होती तेव्हाचा. रशियाचे तीन इंजिनिअर कारखान्यात आले होते, नवा प्रेस बसवायला. साहेबांनी तुम्हाला दुभाषा म्हणून उभं राहायला सांगितलं, आणि सोमवारी सकाळी तुम्हाला एकशे चार ताप.

बाबा : चांगलाच भरला होता तो ताप. तूच कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्यास.

आई : ठेवल्या. थर्मामीटर धुवायला घेतला, तर चिकट लागला. चहात साखर जरा जास्तच झाली होती त्या दिवशी.

बाबा : तुला माहीत होतं?

आई : एकशे चार ताप भरलेला माणूस चहाबरोबर बिस्किटं मागत नाही.

बाबा : मग साहेबांना फोन करून तू एवढं रडवेलं का बोललीस?

आई : नवऱ्याला खोटं कोण पाडणार? आणि तुम्ही पांघरुणात खरंच थरथरत होतात. ताप नव्हता, पण काहीतरी होतं.

बाबा : चोवीस वर्षांत कधी बोलली नाहीस.

आई : तुम्हीही कुठे बोललात.

बाबा : अगं, मला वाचता येतं सगळं. डिक्शनरी हाताशी असली की मी भल्याभल्यांना हार जाणार नाही. पोस्टाने शिकलो, परीक्षेत पहिला आलो. पण ती परीक्षाही पोस्टानेच होती. कुणी समोर उभं राहून बोलायला लागलं, की सगळं धावत जातं. पहिला शब्द पकडेपर्यंत माणूस वाक्य संपवून हसत असतो. रशियन बोलणाऱ्या जिवंत माणसाशी मी आजतागायत एक वाक्य बोललेलो नाही.

आई : आणि कारखानाभर तुम्हाला कॉम्रेड म्हणायचे.

बाबा : म्हणायचे ना. कारण तपासायला दुसरं कोणी नव्हतं.

आई : मग लेकीला सांगून टाका. आपलीच पोर आहे.

बाबा : तिलाच तर सांगता येत नाही! ती पाच वर्षांची असताना मी तिला पाटीवर ती अक्षरं काढून दिली. त्या अक्षरांच्या जिवावर ती तिकडे रशियात डॉक्टरकी शिकायला गेली. तिथेच लग्न केलं. सगळ्यांना सांगते, ही माझ्या बाबांची भाषा आहे म्हणून. व्याह्यांनी शेजारचे दोन रिटायर्ड मास्तर बोलावून ठेवलेत माझ्याशी बोलायला. मी त्यांना काय सांगू? ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा खंडित करा’?

आई : उपयोगी आहे की.

बाबा : थट्टा नको. तिची मान खाली जाईल तिथे, सासरच्यांपुढे. त्यापेक्षा गुडघा बरा.

आई : आणि नातवंड? पुढच्या महिन्यात बाळ येणार. त्याला काय सांगायचं, तुझे आजोबा मागाहून सोयीने येणार आहेत?

बाबा : तुझं बरं आहे. तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही.

आई : खरंय. म्हणून तर मी विहीणबाईंशी रोज बोलते.

बाबा : कुठल्या भाषेत?

आई : त्या त्यांच्या, मी माझ्या. त्या कढई दाखवतात, मी कढई दाखवते. परवा त्यांच्या जावेची चांगला अर्धा तास निंदा केली आम्ही.

बाबा : त्यांना जाऊ आहे, हे तुला कसं कळलं?

आई : चेहऱ्यावरून. जावेचा चेहरा करून दाखवला त्यांनी. घ्या, फोन वाजतोय. लेकच असेल. बोल गं. स्पीकरवर टाकते, थांब.

लेक : आई, बाबा आहेत का? सासूबाई कधीच्या मागे लागल्यात. त्यांना बाबांनाच काहीतरी विचारायचंय. म्हटलं मी सांगते, तर नाही म्हणाल्या. तुझ्या बाबांना येते ना भाषा, मग मध्ये तू कशाला?

बाबा : सांग, बाहेर गेलेत.

लेक : बाबा, ऐकू येतंय मला.

आई : इथेच आहेत. गुडघा दुखतोय म्हणून जरा दचकलेत.

लेक : गुडघा? बाबा, तुम्ही येताय ना? खरं सांगा. मी इथे दिवस मोजतेय. इथे मराठीतून ओरडायला कोणी नाही मला, तुम्ही हवेच आहात.

बाबा : येतोय गं. कोण म्हणालं नाही म्हणून? गुडघा काय, तो गुडघाच आहे.

लेक : मग घ्या, सासूबाईंना देते. बाबा, हळू बोला हं, त्या तुमच्याएवढ्या शिकलेल्या नाहीत.

(बाबा फोन कानाला लावतात. पुढची चार मिनिटं रशियनमध्ये जातात. त्यातली दोन शांततेची आहेत.)

आई : ठेवला? काय म्हणाल्या? घाम पुसा आधी.

बाबा : मी आधी म्हणालो, ‘आमच्या उत्पादनाची निवड केल्याबद्दल आपले आभार.’ सुरुवातीला दुसरं काही आठवेना.

आई : मुलगी दिलीय त्यांच्याकडे. चुकीचं नाहीच काही.

बाबा : त्या भराभरा काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. ‘पुन्हा सांगा’ असं म्हणायचं होतं, पण यंत्राला कोण म्हणतं पुन्हा सांग? मग म्हणालो, ‘दोष कायम राहिल्यास प्रक्रिया पहिल्यापासून करावी.’

आई : मग?

बाबा : त्यांनी पहिल्यापासून केली. हळूहळू. अगं, आणि मला कळलं! शब्दन् शब्द कळला! त्या लोकरीच्या सपाता विणतायत माझ्यासाठी. तिकडे घरात आल्यावर पाहुण्यांना देतात पायात घालायला. पायाचा नंबर विचारत होत्या.

आई : सांगितलात?

बाबा : न अडखळता. आकडे मला झोपेतही येतात. सुट्या भागांच्या याद्या मीच करायचो ना! म्हटलं, आठ. त्यांनी विचारलं, नक्की आठ? मी म्हटलं, ‘दिलेल्या मापात फरक करू नये.’ खूप हसल्या. हसून हसून त्यांना बोलता येईना.

आई : बघा! उगीच घाबरत होतात.

बाबा : खरंच उगीच. रबर दे गं. तीन-चार खोडून टाकतो. आणि ते भाषण मी आजच अनुवादाला घेतो. मायभूमीला चांगला शब्द आहे त्यांच्याकडे. अगं, प्रत्यक्ष संभाषण म्हणजे काही विशेष नसतं. समोरच्याचा सूर पकडायचा, बस. विहीणबाईंना पहिल्या फटक्यात कळलं, की माणूस जाणकार आहे.

आई : थांबा, लेकीचा मेसेज आलाय.

बाबा : मोठ्याने वाच. काय म्हणाल्या त्या माझ्याबद्दल?

आई : तिकडे पुरुषांचे नंबर चाळीसच्या पुढे असतात म्हणे. आठ म्हणजे आठ सेंटीमीटर. त्यांना वाटलं, तुम्ही बाळाचं माप सांगताय.

बाबा : मग?

आई : बाळाच्या विणायला घेतल्यात. तुमच्या तुम्ही घेऊन या म्हणाल्या.